शब्दचर्चा : ‘चरित्र अभिनेत्री’ कोणाला म्हणावे? मेरी ड्रेसलर यांच्या निमित्ताने

प्रश्न

हॉलीवूडच्या आरंभकाळातील अभिनेत्री मेरी ड्रेसलर यांच्यावर टिपण लिहिताना मी पहिल्याच वाक्यात अडलो आहे. इंग्रजी लेखनात त्यांना ‘कॅरेक्टर ॲक्ट्रेस’, म्हणजे रूपवान नायिकेऐवजी ठसठशीत स्वभावाच्या भूमिका करणारी नटी, म्हणतात. आपल्याकडे वृत्तपत्रांत त्यासाठी ‘चरित्र अभिनेत्री’ असे लिहिले जाते, म्हणून मीही तेच लिहिले. टिपण वाचून एका स्नेह्यांनी विचारले, की या बाई चरित्रपटांत कामे करीत होत्या काय? दुसऱ्या एकाने ‘चारित्र्य अभिनेत्री’ अशी दुरुस्ती सुचवली, ती मला अधिकच चुकीची वाटते. ‘सहायक अभिनेत्री’ असे लिहिले तर चालेल का?

प्रतिसाद

‘सहायक अभिनेत्री’ असे कृपया लिहू नये. ड्रेसलर यांच्या बाबतीत ते वस्तुस्थितीला धरून होणार नाही. त्याचे कारण पुढे सांगतो. आधी शब्दाकडे पाहू.

इंग्रजीतील ‘कॅरेक्टर’ हा एकच शब्द अक्षर, स्वभाव, नीतिमत्ता आणि नाटकातील पात्र एवढे अर्थ पेलतो. मराठीने या प्रत्येक अर्थासाठी वेगळा शब्द ठेवला आहे. आपल्याकडे ‘चरित्र’ म्हणजे एखाद्याने आयुष्यभर जे केले त्याची हकीकत. ‘लीळाचरित्र’ आणि ‘गुरुचरित्र’ या नावांतही तोच अर्थ आहे, आणि ‘आत्मचरित्र’, ‘चरित्रकार’, ‘चरित्रनायक’ हे शब्दही त्याच अर्थावर उभे आहेत. नीतिमत्तेसाठी आपण ‘चारित्र्य’ वापरतो. हिंदीत मात्र कथेतील पात्रालाही ‘चरित्र’ म्हणतात, त्यामुळे ‘चरित्र अभिनेता’ हा शब्द त्या भाषेत सहज बसतो. मुंबईच्या चित्रपटव्यवसायातून तो मराठीत जसाच्या तसा आला, पण त्याच्या पाठीशी असलेला हिंदी अर्थ मराठीत आला नाही. आपल्या स्नेह्यांचा गोंधळ झाला तो यामुळे, आणि त्यात त्यांची चूक नाही.

आता ‘सहायक’विषयी. हा शब्द चित्रपटातील भूमिकेचे स्थान सांगतो, तर ‘कॅरेक्टर’ हा शब्द भूमिकेची जात सांगतो. ड्रेसलर यांच्या कारकिर्दीत हा फरक जितका लख्ख दिसतो तितका क्वचितच कोठे दिसत असेल. कॅनडातील ओंटारिओ प्रांतातल्या कोबर्ग या गावी 9 नोव्हेंबर 1868 रोजी त्यांचा जन्म झाला. मूळ नाव लीला मेरी कोर्बर. लहान वयातच घर सोडून त्या फिरत्या नाटक कंपनीत गेल्या. थोराड बांधा, रुंद चेहरा आणि भरदार आवाज यांमुळे प्रेमकथेतील नायिकेची भूमिका त्यांच्या वाट्याला येणे अवघडच होते. त्या उणिवेचेच त्यांनी भांडवल केले आणि न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर विनोदी अभिनेत्री म्हणून नाव मिळवले. 1914 साली मॅक सेनेट यांनी काढलेल्या ‘टिलीज पंक्चर्ड रोमान्स’ या पूर्ण लांबीच्या विनोदी मूकपटात मध्यवर्ती भूमिका त्यांची होती आणि चार्ली चॅप्लिन त्यांच्या जोडीला होते, हे आज अनेकांना खरे वाटत नाही. 1919 मध्ये न्यूयॉर्कच्या नटांनी संप केला, तेव्हा समूहातील गायक-नर्तकांच्या संघटनेचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. पुढची काही वर्षे कामाविना गेली.

पटकथालेखिका फ्रान्सिस मॅरियन यांनी 1927 साली त्यांच्यासाठी मुद्दाम भूमिका लिहून त्यांना पडद्यावर परत आणले. 1930 सालच्या ‘ॲना ख्रिस्टी’ या ग्रेटा गार्बो यांच्या पहिल्या बोलपटात ड्रेसलर यांनी बंदरावरची दारूबाज म्हातारी केली. या चित्रपटात त्यांना ‘सहायक’ म्हणता येईल. पण त्याच वर्षीच्या ‘मिन अँड बिल’मध्ये गोदीकाठी खानावळवजा हॉटेल चालवणारी, तोंडाने फटकळ आणि टाकून दिलेल्या मुलीला पोटच्या पोरीसारखी वाढवणारी मिन ही मुख्य भूमिका त्यांचीच होती. मुलीचे सुख वाचवण्यासाठी तिच्या जन्मदात्या आईवर गोळी झाडणारी ही बाई शेवटी पोलिसांच्या ताब्यात जाते आणि मुलगी मात्र सुखाने सासरी निघते. त्या प्रसंगी ड्रेसलर यांच्या चेहऱ्यावर जे उमटते त्याला मी ‘सहायक’ अभिनय म्हणू शकणार नाही. 10 नोव्हेंबर 1931 रोजी, म्हणजे त्रेसष्टावा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, त्यांना या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. सहायक भूमिकांसाठी वेगळे ऑस्कर 1936 सालच्या चित्रपटांपासून सुरू झाले, आणि ड्रेसलर तर 28 जुलै 1934 रोजी निवर्तल्या होत्या. ज्या वर्गात आपण त्यांना बसवू पाहतो, तो वर्ग त्यांच्या हयातीत त्या पारितोषिकांत नव्हताच.

एक गोष्ट राहिली. आपण सर्रास लिहितो, की अमुक अभिनेत्री ‘चरित्र भूमिकांकडे वळल्या’. ललिता पवार यांच्याविषयी ते योग्य आहे, कारण त्या आधी नायिका होत्या आणि 1942 साली चित्रीकरणाच्या वेळी झालेल्या इजेचा चेहऱ्यावर परिणाम झाल्यानंतर त्यांची वाट बदलली. ड्रेसलर यांच्याविषयी ‘वळल्या’ हे क्रियापद वापरू नये. त्या पहिल्यापासून त्याच वाटेवर होत्या.

प्रतिसाद

विवेचन पटले. मग ‘स्वभावनटी’ हा शब्द का घेऊ नये? कथेच्या समीक्षेत ‘स्वभावचित्रण’ हा शब्द आपल्याकडे चांगला रुळलेला आहे.

प्रतिसाद

आपल्या सूचनेवर मी बराच विचार केला. ‘स्वभावनटी’ वाचताच ‘जी स्वभावतःच नटी आहे ती’ असा अर्थ मनात आधी येतो, आणि तो गैरसमज दूर करण्यासाठी पुन्हा खुलासा करावा लागेल. ‘व्यक्तिरेखा अभिनेत्री’ही समाधानकारक नाही, कारण व्यक्तिरेखा तर नायिकाही साकारत असते.

अर्थाच्या सर्वांत जवळ जाणारा शब्द आपल्या बोलीतच आहे, आणि तो म्हणजे ‘वल्ली’. ईश्वराच्या जवळचा सत्पुरुष या अर्थाचा अरबी ‘वली’ मराठीत आला आणि लोकविलक्षण, चारचौघांत उठून दिसणारा माणूस असा त्याचा अर्थ झाला. मिन ही वल्ली आहे, ‘एमा’मधील, मालकाची मुले वाढवता वाढवता म्हातारी झालेली घरकामाची बाई वल्ली आहे, ‘डिनर ॲट एट’मधील, वैभव ओसरले तरी ऐट न सोडणारी जुनी नटीही वल्लीच आहे. मात्र हा शब्द व्यक्तीला लागतो, व्यवसायाला लागत नाही. ‘वल्ली अभिनेत्री’ लिहिले तर विक्षिप्तपणा ड्रेसलर यांच्याच पदरी पडेल.

म्हणून माझे मत असे, की रूढ झालेला ‘चरित्र अभिनेत्री’ हा शब्द दोन सुटे शब्द म्हणून ठेवावा आणि तो पहिल्यांदा येईल तेथेच त्याचा अर्थ वाक्यात उलगडावा. ‘चरित्रनायिका’ हा शब्द टिपणात येणार असेल तर अधिक जपावे, कारण ड्रेसलर आपल्या टिपणाच्या चरित्रनायिका आहेतच आणि वाचक दोन्ही अर्थांची गल्लत करतील. आपले पहिले वाक्य असे होऊ शकेल: ‘रूपापेक्षा स्वभावावर उभ्या असलेल्या भूमिका करणाऱ्या चरित्र अभिनेत्री मेरी ड्रेसलर या वयाची साठी ओलांडल्यावर, 1932 आणि 1933 अशी सलग दोन वर्षे, अमेरिकेतील चित्रपटगृहचालकांच्या पाहणीत तिकीटबारीवर सर्वाधिक गर्दी खेचणाऱ्या कलावंत ठरल्या.’