पीएस५वर नीट चालणारा गेम माझ्या पीसीवर का अडखळतो?

वखारभाग_गेमर (सांगली)

मंडळी, डोकं फिरलंय म्हणून विचारतोय. दिवाळीत पीसी जोडून घेतला. आरटीएक्स ३०६० टीआय, म्हणजे ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, एसएसडी. मिरजेत मामेभावाकडं पीएस५ आहे, सोनीचा टीव्हीला जोडून खेळायचा कन्सोल. त्याच्याकडं जो गेम विनातक्रार चालतो तोच मी सेलमध्ये घेतला. नाव लिहीत नाही, नाहीतर धागा त्या गेमच्या भांडणातच संपेल.

सुरू केला तर आधी 'शेडर तयार होत आहेत' अशी पट्टी. जेवून आलो तरी पट्टी अर्ध्यावरच. मग खेळायला बसलो तर दर वळणावर झटका. गल्लीतून पळताना भिंतीवरची पोस्टरं आधी नुसती पुसट, मी पुढं गेल्यावर मागनं स्पष्ट होणार. कागदावर बघाल तर माझं कार्ड पीएस५ला हार जाणारं नाही. मग असं का? जिकडं बघावं तिकडं 'कन्सोलसाठी बनवलाय, असंच होणार' एवढंच लिहिलेलं. म्हणजे नेमकं काय होतं? कन्सोलमुळं कॉम्प्युटरवरच्या गेमचं वाटोळं होतं हे खरं, का नुसती बोंब?

कुपवाडचा_पोरगा

ड्रायव्हर अपडेट मार भावा. माझा पण असाच करत होता.

वखारभाग_गेमर

मारला. आता पट्टी परत पहिल्यापासनं सुरू झाली.

जुना_कॅफेवाला (विश्रामबाग)

होणारच की! ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, बदलला की शेडर नव्यानं तयार करावे लागतात. शेडर म्हणजे कुठला पृष्ठभाग कसा रंगवायचा, त्यावर उजेड कसा पडायचा, हे सांगणारे बारके प्रोग्रॅम. पीएस५ची चिप सगळीकडं सारखी, त्यामुळं कंपनी ते आपल्या ऑफिसातच तयार करून गेमबरोबर पाठवते. तुझ्याकडं कुठलं कार्ड, कुठला ड्रायव्हर, हे तिला कुठनं ठाऊक असणार? म्हणून ते काम तुझ्या घरात, तुझ्या लाइटबिलावर.

पोस्टरांचं कारण मेमरी. पीएस५मध्ये १६ जीबीची एकच मोठी टाकी आहे, प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघंही तिच्यातनंच घेतात. तुझ्याकडं दोन टाक्या, कार्डाची ८ची आणि रॅमची १६ची, आणि मधला पाइप बारीक. गेमवाल्यांनी चित्रं त्या एका टाकीच्या हिशोबानं काढलेली. ती ८ जीबीत मावली नाहीत की सारखी इकडून तिकडं न्यावी लागतात, तोच तुझा झटका. वर पीएस५मध्ये दाबून ठेवलेल्या फाइली उलगडायला चिपमध्येच वेगळा भाग दिलाय. पीसीवर ते काम बहुतेक वेळा प्रोसेसरच्या माथी येतं.

पण बाळा, इथवरचं सगळं निस्तरता येतं. पॅच येतात, नवीन कार्डं येतात. न निस्तरता येणारं नुकसान गेम कागदावर असतानाच झालेलं असतं, आणि त्याबद्दल कोण बोलत नाही.

२००३च्या सुमारास विश्रामबागेत माझा सायबर कॅफे होता. सकाळी फॉर्म भरायला गर्दी, संध्याकाळी काउंटर स्ट्राइक. आतल्या बाजूच्या मशिनांवर गोष्टीवाले गेम टाकलेले. त्यातला २०००चा डेउस एक्स माझा फार लाडका. पहिल्याच मोहिमेत अख्खं लिबर्टी बेट समोर: धक्का, कंटेनर, पुतळा. कुठनं घुसायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. त्याचा पुढचा भाग, इन्व्हिजिबल वॉर, २००३ला एक्सबॉक्स (मायक्रोसॉफ्टचा कन्सोल) आणि पीसीसाठी एकदमच निघाला. एक्सबॉक्सला मेमरी सगळी मिळून ६४ एमबी. तेव्हा माझ्या कॅफेतल्या मशिनांनाही २५६ होती. पण नकाशे ६४मध्ये मावतील असेच कापलेले. चार खोल्या, दार, लोडिंग. एक गल्ली, दार, लोडिंग. पुढच्या वर्षी थीफच्या तिसऱ्या भागाचं तेच. आज तुम्ही त्यावर ६४ जीबी रॅम लावा, भिंती हलणार नाहीत. नकाशाच बारका आखलाय.

दुसरी गोष्ट सेव्हची. हाफ लाइफ १९९८चा, कॉम्प्युटरसाठीच बनलेला. एफ६ दाबलं की जिथं आहात तिथं सेव्ह. हेलो २००१ला एक्सबॉक्सवर आला आणि २००३ला पीसीवर, पण पीसीवरही गेम ठरवेल तिथंच चेकपॉइंट. सोफ्यावर बसून खेळणाऱ्याला सेव्हचा विचारच करायला लागू नये, ही त्यामागची कल्पना, आणि ती वाईट नाही. पण आमच्याकडं त्या काळात लोडशेडिंग. लाइट गेली की यूपीएस पाच-सात मिनिटं ओरडत तग धरायचा. ओरडायला लागला की हाफ लाइफवाली पोरं एफ६ मारून, खुर्ची मागं सारून, बाहेर चहाला मोकळी. आणि चेकपॉइंटवाला पोरगा एकटा अंधारात, 'काका बंद करू नका, काका एकच मिनिट,' म्हणत गोळ्या खात पुढच्या दाराकडं पळतोय. बाकीचे त्याच्या मागं उभारून दंगा करतायत. दाराच्या अलीकडं यूपीएस मान टाकायचा. मग पैसे द्यायला कां-कूं, आणि माझाही जोर चालायचा नाही.

तिसरी, बटणं. कन्सोलच्या पॅडवर, म्हणजे हातात धरायच्या कंट्रोलरवर, मोजकीच बटणं, म्हणून एका बटणाला चार कामं. मास इफेक्टच्या तिसऱ्या भागात (२०१२) पीसीवरही स्पेसबारनंच पळायचं, त्यानंच आडोसा घ्यायचा, त्यानंच दार उघडायचं. पडलेल्या साथीदाराला उठवायला जावं तर हिरो शेजारच्या भिंतीला पाठ लावून बसतो. समोर शंभरएक कळांचा कीबोर्ड पडलाय! आणि ते 'प्रेस स्टार्ट'. कॅफेत नवीन पोरगं आलं की ठरलेला प्रश्न, 'काका, स्टार्ट कुठाय?' मग स्वतःच शोधून विंडोजचं चिन्ह असलेली कळ दाबायचं, गेम खाली आणि डेस्कटॉप वर.

स्कायरिमच्या (२०११) सामानाची यादीही तसलीच. लांबून टीव्ही बघणाऱ्यासाठी मोठी अक्षरं, एका वेळी थोडीच नावं, खाली खाली सरकत बसा. शेवटी हौशी लोकांनीच स्कायूआय नावाचा मॉड, म्हणजे गेममध्ये बाहेरनं घालायचा बदल, काढला. मी तो टाकल्याशिवाय कोणाला गेम लावून देत नाही.

कुपवाडचा_पोरगा

काका, चेकपॉइंटवाला पोरगा तुमच्या कॅफेत मीच असणार बहुतेक.

अजिंक्यतारा (सातारा, सध्या पुणे)

कॅफेवाले काका, लोडशेडिंगचा भाग झकास. पण सगळं खापर कन्सोलवर फोडू नका. मी पुण्यात गेम टेस्टिंगमध्ये आहे, दुसरी बाजू रोज बघतो.

कन्सोलवर गेम आणायचा तर त्या कंपनीची तपासणी पास व्हावी लागते. सेव्ह होताना वीज गेली तर काय, पॅडची बॅटरी संपली तर काय, हे सगळं बघतात. नापास झालात तर तारीख हुकते. पीसीवर तसा दरवाजाच नाही. म्हणून शेवटच्या महिन्यात माणसं कन्सोलकडं ओढली जातात आणि पीसीला उरलासुरला वेळ. त्यात आमच्याकडं कार्डांची आणि लॅपटॉपची मांडणीच भरलेली. एक बग फक्त एकाच लॅपटॉपवर यायचा, तोही चार्जर काढल्यावर. कन्सोलवर असला प्रकारच नसतो.

म्हणजे मुद्दा पैसा आणि वेळ. बॅटमन अर्कम नाइट जून २०१५ला आला, तेव्हा पीसीची आवृत्ती बाहेरच्या छोट्या टीमकडं होती. इतकी बोंब झाली की कंपनीनं पीसीवरची विक्रीच थांबवली आणि ऑक्टोबरात परत सुरू केली. आता तुमचाच लाडका डेउस एक्स घ्या. २०११चा ह्यूमन रेव्होल्यूशन पीसीसाठी निक्सेस या डच स्टुडिओनं केला. माउसचा वेग, नजरेचा कोन, डायरेक्टएक्स ११ (विंडोजची ग्राफिक्स काढायची पद्धत), सगळं नीट दिलं. कन्सोल तेच, निकाल वेगळा. पुढं २०२१मध्ये सोनीनं निक्सेस विकतच घेतली.

जुना_कॅफेवाला (विश्रामबाग)

सातारकर, तुमचं म्हणणं पटतं. निक्सेसचं काम मीही बघितलंय. पण निक्सेसनं सेटिंग वाढवली, नकाशे वाढवले का? दुरुस्ती करणारा कितीही हुशार असला तरी तो मूळ घरातच काम करणार.

काही वेळा तर मूळ घर उकरलं की पडतं. नीड फॉर स्पीड रायव्हल्स (२०१३) पीसीवर सेकंदाला ३० चित्रांवर बांधलेला होता. लोकांनी जबरदस्तीनं ६० केले तर अख्खा गेमच दुप्पट वेगानं पळायला लागला, कारण आतलं घड्याळ ३० धरूनच लिहिलेलं. डार्क सोल्सच्या दुसऱ्या भागात ६०वर तलवारी लवकर झिजायच्या, जुन्या कन्सोलवर ३०ला ते जाणवतच नव्हतं. उलट पहिला डार्क सोल्स बघा. २०१२ला पीसीवर आला, आतून चित्र १०२४ बाय ७२०चंच, मॉनिटर कितीही मोठा असू दे. ते मात्र ड्युरांटे या टोपणनावाच्या मॉडरनं त्याच दिवशी उघडून दिलं. चित्राचा आकार ही वरची गोष्ट, म्हणून जमलं. घड्याळ घराच्या पायातच असतं.

आता कन्सोलच्या बाजूनं एक बोलतो, नाहीतर मला एकांगी म्हणाल. एक्सबॉक्स ३६० (२००५) आणि पीएस३ (२००६), दोन्हीकडं मेमरी ५१२ एमबी. २०१३पर्यंत मोठे गेम त्याच मापात बेतलेले. त्यामुळं मी २००८च्या आसपास घेतलेली ८८०० जीटी कार्डं कितीतरी वर्षं चालली. पुण्यातली पोरं म्हणायची पीसी गेमिंग थांबलंय. आम्ही म्हणायचो, थांबू दे की! नवीन कार्डं घेण्याऐवजी मी यूपीएसच्या बॅटऱ्या बदलल्या. मग ८ जीबीचे पीएस४ आणि एक्सबॉक्स वन आले, आणि वर्षभरातच गेम किमान ६ जीबी रॅम आणि ६४ बिट विंडोज मागायला लागले. वॉच डॉग्जच्या वेळी निम्म्या मशिनांवर गेम सुरूच होईना. कॅफेचा शेवट तिथनं सुरू झाला. अर्थात मोबाइलनंही हातभार लावला.

वखारभाग_गेमर

काका, दादा, दोघांचेही आभार. टेक्सचर, म्हणजे भिंती-पोस्टरांवरची चित्रं, 'अल्ट्रा'वरून 'हाय'वर आणलं. पोस्टरं आता वेळेत दिसतात, झटकेही पुष्कळ कमी झाले. पण पळताना गरगरतं, मळमळल्यासारखं होतं. मामेभावाकडं तसं होत नाही. आणि १६ जीबीचं कार्ड घ्यायला आत्ताच बाबांच्या मागं लागू का?

अजिंक्यतारा

गरगरणं नजरेच्या कोनामुळं असणार. टीव्ही सोफ्यापासून लांब असतो, म्हणून कन्सोलवर कोन अरुंद ठेवतात, म्हणजे कमी गोष्टी काढाव्या लागतात. मॉनिटर दीड-दोन फुटांवर असला की तोच कोन त्रास देतो. सेटिंगमध्ये 'फील्ड ऑफ व्ह्यू' असेल तर ९०च्या आसपास नेऊन बघ. 'मोशन ब्लर', म्हणजे हलताना चित्र पुसट करणारी सेटिंग, बंद कर.

जुना_कॅफेवाला (विश्रामबाग)

कार्डाचं आत्ता नको. 'हाय' आणि 'अल्ट्रा'तला फरक तुला पोस्टरापुढं नाक लावल्याशिवाय दिसणार नाही. यापुढं घेशील तेव्हा मात्र ८ जीबीचं घेऊ नको, कारण येणारे गेम आता पीएस५च्या मापानंच बेतलेले असणार. आणि गेम सुरळीत चाललाय तोवर ड्रायव्हरला हात लावू नको, कुपवाडच्या पोराचं ऐकशील तर परत पट्टी बघत बसशील.

पॅड घेणार असशील तर एक्सबॉक्सच्या पद्धतीचाच घे. पीसीवर बऱ्याच गेमना पडद्यावर ए, बी, एक्स, वाय एवढंच दाखवता येतं. मामेभावाचा पॅड आणून लावलास तर गेम 'एक्स दाबा' म्हणणार आणि तू फुलीचं बटण दाबणार. ते बटण गेमच्या लेखी ए असतं.

कुपवाडचा_पोरगा

ओ काका, माझा चालला ना पण ड्रायव्हरनं!