आहेवभाजी?? अंकाच्या फाइल्स कोणी बदलल्या, तातडीनं कळवा

प्रेषक: जिभाऊ

मंडळी,

आपल्या मंडळाचा अंक सोमवारी छपाईला जायचा आहे. आज सकाळी प्रूफ उघडलं तर काकूंच्या लेखाचं शीर्षक 'अस्सल खानदेशी आहेवभाजी'. मला वाटलं, काकूंनीच काही गंमत केली असेल. मग पान १४ वर 'रावेरचे केळी उत्पादक आहेतकरी' भेटले. पान २२ वर एक लेखक 'आहेवटी एवढंच सांगतो' म्हणतायत. आभाराच्या पानावर 'सर्वांचे माझापासून आभार'.

शेंगदाणे मात्र शाबूत आहेत. शेंदुर्णीही जागच्या जागी. शेव गेली आणि शेंगदाणे राहिले, हे कसं काय?

मी पारोळ्याला आईकडे आहे. दुपारी लाईट जाते, फोनच्या नेटवर काम चाललंय. ज्यानं केलं त्यानं सांगावं, मी रागावणार नाही. मूळ फाइल्स कुणाकडे आहेत तेवढं आधी बोला.

जिभाऊ

प्रेषक: बापू

जिभाऊ, मीच. काल रात्री नानांची शब्दयादी सगळ्या ४१ फाइल्सवर एकदम चालवली. मागच्या वर्षी एकेक फाइल उघडून 'शोधा आणि बदला' करताना दोन शनिवार गेले होते, म्हणून यंदा पायथन या संगणकाच्या भाषेत छोटी स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारी आज्ञावली, लिहिली. ती एक्सेलची ओळ वाचते: पहिल्या रकान्यात चूक, दुसऱ्यात बरोबर, तिसऱ्यात 'पूर्ण शब्द' की 'कुठेही'. आधी 'जळगांव' वर चाचणी घेतली होती. चोख चालली.

यादीत 'शे → आहे' अशी ओळ आहे, पण तिच्यापुढे 'पूर्ण शब्द' लिहिलंय. तरी ती शेवेत कशी घुसली, बघावं लागेल. ऑफिसात आहे, संध्याकाळी बसतो.

मूळ फाइल्स... मी त्याच फोल्डरमध्ये सेव्ह केल्या. माफी.

प्रेषक: नाना

यादीत काही दोष नाही. गेली बारा वर्षं ती मी सांभाळतोय आणि आजवर एकही तक्रार नव्हती. ही सुरू झाली तीच मुळी छापखान्याच्या जुन्या फॉन्टपायी. त्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडात आणला की रफार पुढच्या अक्षराऐवजी मागे जाऊन पडायचा. 'वर्ष' चं 'वषर्', 'खर्च' चं 'खचर्', 'सूर्य' चं 'सूयर्'. खजिनदारांचा जमाखचर् दर वर्षी मी हातानं दुरुस्त करायचो, ते कुणाला आठवतंय का?

माझा वर्डचा मॅक्रो (वर्डच्या आतच चालणारी आज्ञावली) होता तोच चालवायचा. मॅक्रो लिहायच्या खिडकीत देवनागरी टाकली की नुसती प्रश्नचिन्हं दिसतात, म्हणूनच शब्द एक्सेलमध्ये ठेवलेत. न विचारता यादी दुसऱ्या यंत्राला जोडली की असंच व्हायचं.

प्रेषक: वहिनी (खजिनदार)

जमाखचर् आठवतोय. सोमवार चुकला तर छापखाना नव्यानं दर लावेल आणि कुरियर दिवाळीनंतर पोचेल, हेही आठवतंय. भांडण नंतर करा.

प्रेषक: अक्का

थांबा. 'शे → आहे' ही ओळ यादीत आलीच कशी?

आत्ता यादी उघडून बघितली. 'शे', 'मना', 'नही', 'तठे', 'बठ्ठा' हे सगळे पहिल्या रकान्यात. आणि त्या रकान्याचं डोकं काय, तर 'चूक'. नाना, तुम्ही मोठे आहात म्हणून जपून बोलते, पण आमनी बोली चूक शे का?

माझी गोष्ट शिरपूरच्या आजीची आहे. ती बोलते ते अहिराणीत आहे, बाकी निवेदन प्रमाण मराठीत. जिभाऊंनी मागून घेतली होती. आजीच्या तोंडी 'आहे' घातलं तर ती माझी आजी राहत नाही, बातम्या सांगणारी होते.

प्रेषक: नाना

अक्का, गैरसमज नको. प्रमाण लेखांत अहिराणी शब्द चुकून मिसळतात, त्यासाठी त्या ओळी होत्या. अंक मुंबई-पुण्याची मंडळीही वाचतात. बहिणाबाईंची अहिराणी आपण दर वर्षी तशीच्या तशी छापतो की!

प्रेषक: काकू

नाना, बहिणाबाई असोद्याच्या. त्यांची बोली लेवा गणबोली, अहिराणी नव्हे. माझं माहेर यावल तालुक्यात, म्हणून बोलते. हे मी कानबाईच्या कार्यक्रमात माइकवरून सांगितलं होतं, तेव्हाही तुम्ही मान हलवली होती.

आणि माझी शेवभाजी आधी जागेवर आणा. त्यात 'तिखट जाड शेव, वाढायच्या आधी दोनच मिनिटं टाकावी' असं होतं, त्याचं 'जाड आहेव' झालंय. कुणी करून बघितली तर?

प्रेषक: आबा

सोपं आहे. यादी उलटी चालवा. आहे → शे. झालं.

प्रेषक: बापू

आबा, मग लेखांतले सगळे खरे 'आहे' सुद्धा 'शे' होतील. अंक पूर्ण अहिराणीत निघेल. (अक्कांना चालेल म्हणा.)

आता जिभाऊंचं कोडं. दोन तास गेले, पण सुटलं.

'पूर्ण शब्द' साठी स्क्रिप्टमध्ये शब्दाच्या दोन्ही बाजूंना सीमेची खूण टाकतात. एका बाजूला अक्षर आणि दुसऱ्या बाजूला अक्षर नसलेलं काही आलं की तिथे सीमा, असा तिचा हिशोब. पायथनमधली नेहमीची सोय 'श' ला अक्षर मानते, पण मात्रेला मानत नाही. काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त यातलं काहीच तिच्या लेखी अक्षर नाही. आता 'शेव' बघा: श हे अक्षर, मात्रा हे अक्षर नाही, व परत अक्षर. म्हणजे मात्रा आणि व यांच्या मध्ये तिला सीमा दिसली, 'शे' हा पूर्ण शब्द वाटला आणि तिनं तो बदलला. शेतकरी, शेवट, सगळे तसेच गेले. 'मनापासून' मध्ये 'मना' चा काना आणि प यांच्यात तेच.

'शेंगदाणे' मध्ये मात्रेनंतर अनुस्वार आहे. दोन्ही तिच्या हिशोबात अक्षरं नाहीत, म्हणून सीमा नाही, म्हणून शेंगदाणे वाचले. शेंदुर्णीही त्याच अनुस्वारानं वाचली.

गंमत पुढे आहे. सुटा 'शे' घ्या, पुढे जागा सोडलेली. मात्रा अक्षर नाही, जागाही अक्षर नाही, तिथेही सीमा नाही. म्हणजे जिथे बदलायचं होतं तिथे ती हात लावत नाही आणि जिथे लावायचा नव्हता तिथेच लावते. अक्का, गोष्ट उघडून बघा. आजीचे सगळे 'शे' जागेवर आहेत. गेलं ते आजोबांचं शेत.

माझी चाचणी का जमली, तेही सांगतो. 'जळगांव' शेवटी 'व' वर संपतो, मात्रेवर नाही. दुसरा एखादा शब्द घेतला असता तर तेव्हाच कळलं असतं.

प्रेषक: अक्का

बघितलं. खरंच आहे. 'आजोबांचं आहेत नदीच्या वरच्या अंगाला शे.' हे वाचून दहा मिनिटं हसले. राग तरीही आहे, रकान्याच्या डोक्यावर.

प्रेषक: जिभाऊ

बापू, शाब्बास. पण ह्यात एक बसत नाही. पान १५ वर केळीचा लेख: 'बागावर फवारणी', 'रोगावर उपाय'. लेखकानं 'बागांवर', 'रोगांवर' लिहिलं होतं, माझ्या फोनवर त्यांची मेल आहे. हे तर नजरेला खटकतही नाही. आहेवभाजी निदान ओरडून सांगते की मी चुकले.

प्रेषक: नाना

मी सांगतो. यादीत 'गांव → गाव' ही ओळ 'कुठेही' आहे. चाळीसगांव, धरणगांव, भडगांव, गांवी, गांवाला, सगळी एकाच ओळीत निघतात. १९६२ च्या लेखननियमांपासून हे अनुस्वार गेलेत, पण आपल्या जुन्या मंडळींच्या हातातून जात नाहीत. 'बागांवर' मध्ये ग-काना-अनुस्वार-व तसंच येतं. हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं, कबूल. 'नांव → नाव' नंही असंच केलं असणार. 'पानांवर' शोधा.

पुढे 'र' आला तर बदलू नका असं घाला, मिटलं.

प्रेषक: बापू

नाना, 'रोगांविषयी'? 'बागांविना'? अपवाद लिहीत बसलो तर सोमवार उजाडेल.

माझं म्हणणं, आधी काही बदलायचंच नाही. सगळ्या फाइल्समधून 'गांव' असलेले वेगवेगळे शब्द काढतो, प्रत्येक किती वेळा आला ते पुढे, आणि एक्सेलमध्ये टाकतो. फार तर पन्नास-साठ निघतील. नानांनी वरून खाली नजर टाकायची आणि जे बदलायचे त्यांच्यापुढे बरोबर रूप लिहायचं. मग तेवढेच, पूर्ण शब्द म्हणून.

सीमाही बदललीय. आता मागे-पुढे देवनागरीच्या पट्ट्यातलं काहीही चिकटलेलं नसेल तरच शब्द पूर्ण. मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं त्या पट्ट्यात येतं. दंडही त्याच पट्ट्यात बसतो, म्हणून तो वेगळा काढला, नाहीतर अभंगातला ओळीच्या शेवटचा शब्द सुटला असता.

प्रेषक: आबा

मी सगळं गूगल डॉक्समध्ये करतो. तिथे ही मागे-पुढे बघायची सोय आहे का?

प्रेषक: बापू

तिथल्या स्क्रिप्टच्या शोधात नाही.

प्रेषक: वहिनी (खजिनदार)

पान ३ वर 'कवयित्री बहिणाबाई चौधरी कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ' असं छापलंय. दोनदा.

प्रेषक: बापू

ते माझंच. स्क्रिप्ट दोनदा चालवली. 'उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ' चं पूर्ण नाव करणारी ओळ आहे आणि नव्या नावातही जुनं नाव तसंच आहे, त्यामुळे चालवाल तितक्यांदा बहिणाबाई पुढे लागत जातात.

प्रेषक: अक्का

ती ओळच नको. नाव २०१८ ला बदललं. मी पदवी घेतली तेव्हा ते उत्तर महाराष्ट्र विद्यापीठच होतं, माझ्या परिचयात तसंच राहू द्या. आणि शिरीषकुमारांवरच्या लेखात 'नंदुरबार जिल्हा, १९४२' कोणी केलं? तेव्हा तो पश्चिम खानदेश. नंदुरबार जिल्हा १९९८ चा.

प्रेषक: नाना

तीही माझीच ओळ. काढतो. पण 'खान्देश → खानदेश' राहणार, त्यावर चर्चा नको.

प्रेषक: आबा

का नको? माझ्या वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर 'पूर्व खान्देश' आहे. हलन्तासकट. स्कॅन पाठवू का?

प्रेषक: काकू

आबा, पाठवू नका, मागच्या वर्षी त्यावर सत्तावीस मेल झाल्या होत्या. कोणी जळगावहून येतंय का? भरताची वांगी हवीत, बामणोदची मिळाली तर उत्तमच. इथली वांगी भाजली की नुसतं पाणी सुटतं.

प्रेषक: जिभाऊ

काम सांगतो. मूळ फाइल्स छापखान्याला पाठवलेल्या मेलमध्ये सापडल्या, ४१ च्या ४१. बापू, त्यांच्यावरच चालव, निकाल वेगळ्या फोल्डरमध्ये, आणि एकदाच. अक्कांची गोष्ट यादीतून पूर्ण वगळ.

'शेतकऱ्यां' सुद्धा बघ. काही फाइल्समध्ये तो अर्धा र अदृश्य जोडखूण घालून लिहिलाय, काहींत नुक्त्याच्या ऱ नं. डोळ्यांना एकच दिसतो, पण मी शोधल्यावर अर्धेच सापडले.

प्रेषक: बापू

तो घोळ माहीत आहे. यादी चालवायच्या आधी सगळे एका रूपात आणतो. एक्सेलमध्ये शब्दांमागे राहिलेल्या रिकाम्या जागाही काढल्या, 'गांवी' पुढे दोन होत्या. लांब शब्द आधी, आखूड नंतर, असा क्रम लावलाय.

प्रेषक: नाना

'गांव' चे ५३ शब्द पाहून झाले. ३८ बदलायचे, १५ तसेच. 'शे', 'मना' वगैरे ओळी काढल्या.

रकान्यांची डोकीही बदलली. आता पहिल्यावर 'हे सापडलं तर' आणि दुसऱ्यावर 'हे लिहा'. अक्का, बघून घ्या.

प्रेषक: अक्का

बघितलं. बरं शे.

प्रेषक: बापू

चालवली. नवीन फोल्डर वाटून दिलाय. शेव, शेत, शेवट, मन, सगळं तपासलं. प्रत्येक बदल मूळ वाक्यासकट एका शीटमध्ये उतरवलाय, नजर घाला.

प्रेषक: जिभाऊ

पाहिलं, छान झालंय. फक्त पान ३१ च्या चौकटीत अजून 'मंडळाचं पंचविसावं वषर्' दिसतंय.

प्रेषक: बापू

ती वर्डची मजकूर-चौकट आहे. स्क्रिप्ट फक्त परिच्छेद वाचते, चौकटीत शिरत नाही. तेवढं हातानं करा जिभाऊ.

प्रेषक: जिभाऊ

लाईट गेली. आली की करतो.