दहा बाय दहाची खोली, दोन भावंडं: बंक बेड करावा का?

मुलगी ९ वर्षांची, मुलगा ५ चा. खोली १० बाय १० फूट, कपाट २ फूट खोल, पंखा मधोमध. सुतार बंक बेड सुचवतोय, घरात दुमत आहे.

फूटपट्टी: बंकच करा. दोन पलंग ३६ चौरस फूट जागा खातात, बंक त्याच्या निम्मी. उरलेल्या जागेत अभ्यासाची टेबलं बसतात. शिडीला गोल दांड्या नकोत, तळवे दुखतात. खणांच्या पायऱ्या करा, त्यासाठी दीड फूट लांबी जास्त धरा.

उंटावरचा: आधी मान वर करून पंखा बघा! ४८ इंची पंखा मधोमध असला की पात्याचं टोक भिंतीपासून ३ फुटांवर येतं. पलंगाची रुंदीही तेवढीच. गादी ५ फुटांवर धरा; नऊ वर्षांची पोर तिच्यावर उभी राहिली की डोकं सव्वानऊ फुटांवर. उशांची मारामारी सुरू झाली की हात कुठे जाणार?

फूटपट्टी: अहो, पंखा बदलता येतो की. ३६ इंची लावा.

उंटावरचा: त्याने सहा इंच मिळतात, बस. छताचा पंखा काढून भिंतीवरचा लावणार असाल तरच बंकचं बोला.

चारखण: पंखा सुटला तरी मुलगा खालीच झोपणार. सहाच्या आतलं मूल वर नको. कठडा फळीपासून नाही, गादीपासून मोजा, निदान ५ इंच वर. पुढे कुणीतरी हौसेने ८ इंची गादी आणतं आणि कठडा नावालाच उरतो. पलंग भिंतीला फास्टनरने बांधा, नाहीतर चढताना डुगडुगतो. भिंत एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटांची) असेल तर साधे फास्टनर सैल पडतात, ब्लॉकसाठीचे वेगळे मागा.

पावसाळी: एवढा खटाटोप कशाला? खालून ओढायचा पलंग करा.

चारखण: ३ अधिक ३ फूट पलंग, २ फूट कपाट. उरले २ फूट, त्यात रात्री उठलेलं मूल ठेचकाळतं. शिवाय खालच्या गादीला वारा नाही, पावसात बुरशीचा वास धरते.

पावसाळी: वासाचं मान्य. मग अडीच फुटी दोन पलंग काटकोनात लावा, चादर बदलायला शिडी लागत नाही. चार-पाच वर्षांनी मुलीला आडोसा हवाच, तेव्हा मधे पडदा टाकता येतो.

फूटपट्टी: पडदा टाकला की एका बाजूचा वारा बंद. दुसरा पंखा आलाच ना?