अक्षांश-रेखांशाचे बिंदू कॅडमध्ये आणले, पण कुंपणाची लांबी जुळत नाही

रेघोट्या

नमस्कार मंडळी. एका आवाराचा नकाशा ऑटोकॅडमध्ये काढायचा आहे. आरटीके (सेंटीमीटरपर्यंत अचूक) जीपीएसने घेतलेले बिंदू सीएसव्ही फाइलमध्ये आलेत: क्रमांक, अक्षांश, रेखांश, उंची. अंश दशांशात, आठ घरांपर्यंत. जागा २० अंश उत्तर अक्षांशाला अगदी लागून, रेखांश ७६.२ च्या आसपास, फाइलमधली उंची ५६० मीटरच्या आगेमागे.

बिंदू जसेच्या तसे टाकले तर सगळं आवार एका ठिपक्यात मावतं. फाइल देणाऱ्याचं म्हणणं, एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, तेव्हा १,११,००० ने गुणा आणि मोकळे व्हा. गुणलं. आवाराचं कुंपण चौरस आहे, भिंती सरळ पूर्व-पश्चिम आणि दक्षिणोत्तर, टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राने) मोजलेली प्रत्येक बाजू २४०.०० मीटर. ड्रॉइंगमध्ये दक्षिणोत्तर बाजू २४०.६२ येते, ती एकवेळ चालवून घेऊ. पण पूर्व-पश्चिम बाजू २५४.५५! साडेचौदा मीटर आले कुठून? आणि एक्सेलमध्ये बसेल असं सरळ सूत्र कुणाकडे आहे का?

झटपट

एवढी डोकेफोड कशाला? कुठल्याही कन्व्हर्टरमध्ये ईपीएसजी ३८५७ (नकाशापद्धतींच्या यादीतला क्रमांक) निवडा, उत्तर थेट मीटरमध्ये मिळतं. वेबवरचे बहुतेक नकाशे त्यावरच चालतात.

रेघोट्या

करून पाहिलं. आता पूर्व-पश्चिम २५५.२८ आणि दक्षिणोत्तर २५६.८०. निदान चौरस चौरसासारखा दिसतोय, पण दोन्ही बाजू फुगल्या.

शंकूसाखळी

फुगणारच. ३८५७ म्हणजे वेब मर्केटर. मर्केटरने १५६९ साली आपला नकाशा काढला तो जहाजं हाकणाऱ्यांसाठी. त्यात दिशा नीट राहते आणि त्याची किंमत अंतराने मोजावी लागते. विषुववृत्तापासून जसजसे दूर जाल तसतशी प्रत्येक रेघ लांबत जाते. २० अंशांवर साधारण साडेसहा टक्के, ६० अंशांवर थेट दुप्पट. झटपट, तो पडद्यावर रस्ते पाहायला उत्तम आहे. त्यावरून कुणी कुंपणाच्या तारेची ऑर्डर देऊ नये एवढंच.

आता साडेचौदा मीटर. १११ किलोमीटर हा आकडा अक्षांशाच्या अंशाला लागू, रेखांशाच्या नाही. रेखावृत्तं ध्रुवाकडे जाताना एकमेकांजवळ येतात, म्हणून रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर १११.३२ किलोमीटर असतो आणि तुमच्या २० अंशांवर १०४.६५ च उरतो. तुम्ही दोन्हींना एकच गुणक लावलात, त्यामुळे नकाशा आडवा ताणला गेला. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असल्याने अक्षांशाचा अंशही सगळीकडे सारखा नाही. तुमच्याकडे तो ११०.७० किलोमीटर आहे, ते ६२ सेंटीमीटर तिथून आले.

सूत्र देतो, पण आधी एक ठरवा. गोल पृष्ठभाग कागदावर सपाट करण्याचे शेकडो मार्ग आहेत आणि प्रत्येकात काहीतरी सोडावं लागतं. तेव्हा ड्रॉइंग कशासाठी हवंय? फक्त आवाराच्या आत बांधकाम आखायला, की बाहेरचे रस्ते, उपग्रहाची छायाचित्रं, दुसऱ्या कुणाचा सर्व्हे असं सगळं त्यावर बसवायला?

नुसतं आवार असेल तर स्थानिक सपाटी पुरते. आवाराच्या मध्यावरचा एक पक्का बिंदू मूळबिंदू धरा. मग

पूर्वेकडचं अंतर = (रेखांश − मूळ रेखांश) × १,०४,६४७
उत्तरेकडचं अंतर = (अक्षांश − मूळ अक्षांश) × १,१०,७०४

पहिलं एक्स, दुसरं वाय. फाइलमध्ये अक्षांश आधी आहे आणि कॅडला एक्स आधी लागतो, तेव्हा स्तंभांची अदलाबदल विसरू नका. आरशात पाहिल्यासारखा उलटा नकाशा दिसला तर दुसरीकडे शोधत बसू नका.

हे दोन गुणक २० अंशांपुरते. दुसऱ्या ठिकाणी अक्षांशाच्या एका अंशाचे मीटर असे काढा: ११११३२.९२ − ५५९.८२ × कोसाइन(२φ) + १.१७५ × कोसाइन(४φ). आणि रेखांशाच्या एका अंशाचे: १११४१२.८४ × कोसाइन(φ) − ९३.५ × कोसाइन(३φ) + ०.११८ × कोसाइन(५φ). φ म्हणजे मूळबिंदूचा अक्षांश. एक्सेलचा कोसाइन अंश ओळखत नाही, त्याला रेडियन लागतात. अंशांना π ने गुणून १८० ने भागा, नाहीतर येणारी उत्तरं पाहून करमणूक होईल.

हे कुठवर चालतं? रेखांशाच्या अंशाची लांबी उत्तरेकडे जाताना बदलत राहते. तुमच्या अक्षांशावर मूळबिंदूपासून एक किलोमीटर उत्तरेला आणि एक किलोमीटर पूर्वेला गेलात तर पावणेसहा सेंटीमीटरचा फरक पडतो. अर्धा-अर्धा किलोमीटर गेलात तर दीड सेंटीमीटर. पाच-पाच किलोमीटरवर मात्र जवळजवळ दीड मीटर, तिथे हा मार्ग सोडायचा. २४० मीटरच्या आवारात फरक मिलिमीटरभरच, तो आरटीकेच्या चुकीतच बुडून जातो.

पायथनवाला

बाहेरचं काही त्यावर बसवायचं असेल तर यूटीएम, म्हणजे पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे (झोन) करून मीटरमध्ये निर्देशक देणारी पद्धत. झोन क्रमांक: रेखांशात १८० मिळवा, ६ ने भागा, पूर्णांक घ्या, त्यात १. ७६.२ साठी ४३. ईपीएसजी क्रमांक उत्तर गोलार्धात ३२६०० + झोन, म्हणून ३२६४३. दक्षिण गोलार्धात ३२७०० पासून.

सूत्र हाताने लिहू नका, लांबलचक मालिका आहे. क्यूजीआयएस फुकट आहे: सीएसव्ही मजकूर-थर म्हणून उघडा, ४३२६ (जीपीएसच्या अक्षांश-रेखांशांचा क्रमांक) सांगा, ३२६४३ मध्ये डीएक्सएफ (कॅडमध्ये उघडणारी फाइल) म्हणून जतन करा. पायप्रोज (पायथनमधलं रूपांतराचं साधन) वापरणार असाल तर 'ऑलवेज एक्सवाय' चालू ठेवा, नाहीतर ४३२६ चा अधिकृत क्रम अक्षांश आधी असा आहे आणि ते मुकाट्याने उलटं घेतं.

रेघोट्या

दोघांचेही आभार. दोन्ही करून पाहिलं, कारण पुढे शेजारच्या रस्त्याचं ड्रॉइंग यूटीएममध्येच येणार आहे.

स्थानिक सपाटीत दोन्ही बाजू २३९.९८ आल्या, भिंती सरळ. यूटीएममध्ये आकडे ईस्टिंग (पूर्वेकडचा) सव्वासहा लाख, नॉर्दिंग (उत्तरेकडचा) बावीस लाख बारा हजारांच्या घरात. पण बाजू २३९.९३ आहेत, आणि दक्षिणोत्तर भिंत तिरपी झाली! वरचं टोक खालच्यापेक्षा १.७२ मीटर डावीकडे. भिंत खरंच दक्षिणोत्तर आहे, ताऱ्यावरून आखलेली. झोन चुकला का?

शंकूसाखळी

झोन बरोबर आहे. चुकला असता तर ईस्टिंगचा आकडाच भलता आला असता. प्रत्येक झोन सहा अंशांचा आणि त्याच्या मध्य रेखावृत्ताला ईस्टिंग ५,००,००० दिलेलं असतं, म्हणजे पश्चिमेकडे गेलं तरी ऋण आकडे येत नाहीत. ४३ चं मध्य रेखावृत्त ७५ अंश. तुम्ही त्याच्या १.२ अंश पूर्वेला, म्हणून सव्वा लाख मीटर जास्त. कन्व्हर्टरवर विश्वास नसेल तर त्याला २० अंश उत्तर, ७५ अंश पूर्व द्या. ५,००,००० आणि २२,११,४८१.३ आलं तर तो ठीक आहे.

तिरपेपणा खरा आहे. यूटीएमच्या चौकटीत (ग्रिडमध्ये) उभी रेघ सगळीकडे मध्य रेखावृत्ताला समांतर काढतात, पण खरी रेखावृत्तं ध्रुवाकडे झुकतात. मध्यापासूनचं रेखांशाचं अंतर गुणिले अक्षांशाचा साइन एवढा कोन ग्रिडची उत्तर दिशा आणि खरी उत्तर दिशा यांच्यामध्ये पडतो. १.२ × ०.३४२, म्हणजे ०.४१ अंश, साधारण २५ मिनिटं. २४० मीटरवर त्याचे १.७२ मीटर होतात. आकडा जुळला, म्हणजे तुमचं मोजमाप चोख आहे. भिंत फिरवून सरळ करू नका. ड्रॉइंगवर उत्तरेचा बाण काढाल तिथे 'ग्रिड उत्तर' असं लिहा, आणि खरी उत्तर दाखवायची असेल तर दुसरा बाण काढा. बाण एकच आणि त्याला नाव नाही, अशी ड्रॉइंगं पाहून आता माझं रक्तही आटत नाही.

उरली लांबी. त्यात दोन गोष्टी मिसळल्या आहेत. पहिली, यूटीएममध्ये मध्य रेखावृत्तावर सगळं मुद्दाम ०.९९९६ पट छोटं करतात, किलोमीटरमागे ४० सेंटीमीटर. असं का? तर कडेला नकाशा ताणला जातो. मध्यावर थोडं आखडून घेतलं की चूक झोनभर वाटली जाते. मध्यापासून सुमारे १८० किलोमीटरवर अंतर बरोबर येतं, त्यापलीकडे जास्त. तुमच्या जागी हा गुणक ०.९९९७९५ आहे.

दुसरी उंचीची. जीपीएसचे अक्षांश-रेखांश एलिप्सॉइडवर (पृथ्वीचा आकार म्हणून धरलेल्या चपट्या गोलावर) असतात आणि तुम्ही त्याच्या ५६० मीटर वर उभे राहून मोजताय. केंद्रापासून जितके दूर तितकं तेच अंतर मोठं. ५६० भागिले ६३,६२,००० म्हणजे ०.००००८८. स्थानिक सपाटीत जे दोन सेंटीमीटर कमी पडले ते हेच, तिथे दोन्ही गुणकांना १.००००८८ ने गुणा, २४०.०० मिळेल. यूटीएममध्ये दोन्ही मिळून ०.९९९७०७. २४० ला त्याने गुणून बघा: २३९.९३.

हा भाग शिकवताना लोक घाईत उरकतात आणि साइटवर मग भांडणं होतात. सर्व्हेवाला म्हणतो माझं बरोबर, ड्रॉइंगवाला म्हणतो माझं बरोबर, आणि दोघंही खरं बोलत असतात. एक जमिनीवरचं अंतर सांगतो, दुसरा ग्रिडवरचं. २४० मीटरला सात सेंटीमीटर कुणाला दिसत नाहीत, पण पाच किलोमीटरच्या नळाला तो फरक जवळजवळ दीड मीटर होतो.

तेव्हा रस्त्याचं ड्रॉइंग ज्यावर बसवायचं ते यूटीएमचं ड्रॉइंग जसंच्या तसं ठेवा, त्याला हात लावू नका. बांधकाम आखायचं ड्रॉइंग वेगळं, स्थानिक सपाटीवर. यूटीएमवालंच मोठं करून जमिनीवरचं करायचा मोह झाला तर निदान ०,० हा पाया धरून करू नका. नॉर्दिंग बावीस लाखांवर आहे, ०.०००२९३ च्या वाढीनेच आवार साडेसहाशे मीटर उत्तरेला सरकेल. आवारातला एखादा पक्का बिंदू पाया धरा, आणि मोठ्या केलेल्या निर्देशकांतून काही लाख सरळ वजा करा, म्हणजे कुणी ते यूटीएम समजून वापरणार नाही. काय वजा केलं, कुठला गुणक, कुठला झोन, कुठला डाटम (अक्षांश-रेखांश कुठल्या एलिप्सॉइडवरून मोजलेत ते) हे टायटल ब्लॉकमध्ये लिहा. डाटम विशेषतः. जुन्या कागदी नकाशावरचे अक्षांश-रेखांश डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएसचा डाटम) समजून घातले तर शंभर-दोनशे मीटरचा घोळ सहज होतो, आणि ड्रॉइंगकडे पाहून तो ओळखू येत नाही.

रेघोट्या

आता कळलं. दोन वेगळी ड्रॉइंगं करतो. एकच शंका: बिंदू स्क्रिप्टने टाकले तर जवळजवळचे काही बिंदू एकमेकांवर चिकटून बसलेत. सीएसव्हीत ते वेगळे आहेत.

पायथनवाला

ऑब्जेक्ट स्नॅप (जवळच्या बिंदूला आपोआप पकडणारी सोय) चालू असेल. टाइप केलेल्या आकड्यांना स्नॅप धरत नाही, पण स्क्रिप्टला तो अपवाद लागू होत नाही, मूळ सेटिंगच तशी आहे. ओस्नॅपकूर्ड ही सेटिंग १ करा किंवा स्क्रिप्ट चालवण्याआधी स्नॅप बंद करा. नुसतं झूम करून भागवू नका; लांबून पाहताना जास्त बिंदू चिकटतात हे खरं, पण तो इलाज नाही. स्नॅप बंद झाला की झूमचा प्रश्नच नाही.

शंकूसाखळी

आणि एकक तपासा. तुमचे बिंदू मीटरमध्ये आहेत. वास्तुविशारदाचं ड्रॉइंग बहुधा मिलिमीटरमध्ये येईल आणि जोडलं की हजारपट मोठं दिसेल. आपलं ड्रॉइंग त्याच्याप्रमाणे बदलू नका, त्याचं ०.००१ ने आणा. मिलिमीटरमध्ये यूटीएम नॉर्दिंग दोनशे वीस कोटींच्या वर जातं, मग हॅच (रेघांनी भरलेले भाग) फाटतात आणि रेघा थरथरतात.

रेघोट्या

स्नॅपच होता. बिंदू सुटे झाले.