शब्दचर्चा: ‘मिसकास्ट’ला मराठीत काय म्हणायचं?

रातकिडा:
ऑर्सन वेल्सच्या ‘टच ऑफ ईव्हिल’वर (१९५८) लिहितोय. चार्ल्टन हेस्टन त्यात मेक्सिकन सरकारी अधिकारी व्हार्गास झालाय. तोंडाला तपकिरी रंग, वर मिशी आणि बोलणं मात्र पक्कं अमेरिकन. नुसतं ‘मिसकास्ट’ लिहून मोकळं व्हायचं नाहीये. ‘विजोड’ चालेल? आणि ‘नोआर’ला, म्हणजे अशा काळोख्या गुन्हेपटांच्या प्रकाराला, काही शब्द आहे का?

शुद्धमती:
‘विजोड’ नवरा-बायकोसाठी राहू द्या. नट भूमिकेला ‘शोभत नाही’ किंवा भूमिका ‘वठली नाही’, असे दोन प्रयोग आपल्याकडे आहेत आणि ते वेगळे आहेत. शोभणं दिसण्याचं, वठणं कामाचं. हेस्टन शोभत नाही हे कबूल, पण कायद्याला चिकटून राहणारा हट्टी माणूस त्याने चांगला वठवलाय.
‘नोआर’ तसंच ठेवा. ‘कृष्णपट’ लिहिलंत तर लोक त्यात गोकुळ शोधतील.

पिटातला:
अहो, कसला वठलाय? संशयित सांचेझच्या घरातली चौकशी पुन्हा बघा. तो आणि व्हार्गास स्पॅनिशमध्ये बोलायला लागतात आणि क्विनलन, म्हणजे वेल्सने केलेला अमेरिकन पोलीस, खवळतो. सांचेझ झालेला व्हिक्टर मिलान मेक्सिकन वंशाचा, त्याचं स्पॅनिश ओघात येतं. हेस्टनचं घोकून आणल्यासारखं. याला सोंगच म्हणतात. बरं, तसा नट मिळत नव्हता म्हणावं तर १९४९च्या ‘बॉर्डर इन्सिडेंट’मध्ये रिकार्दो मोन्ताल्बान मेक्सिकन सरकारचा माणूस झालाच होता की!

शुद्धमती:
‘सोंग’ तुम्ही शिवीसारखं वापरताय. दशावतारात ‘सोंग छान वठलं’ ही दाद असते, कारण ते सोंग आहे हे बघणाऱ्यालाही ठाऊक असतं. इथे रंग ‘फासला’ म्हणा. ‘रंगभूषा’ कला झाली. ‘फासणं’ म्हटलं की काळं फासणं आठवतं आणि नापसंती आपोआप येते.
आणि एकट्या हेस्टनलाच का धरायचं? काळ्या विगमधली जर्मन नटी मार्लीन डीट्रिश आहे. गुंडांचा म्होरक्या ग्रांडी झालेला तामिरॉफ मूळचा आर्मेनियन. खुद्द वेल्सनेही नकली नाक लावलंय, पोट फुगवलंय, पण त्या सोंगाबद्दल कोणी ब्र काढत नाही.

पिटातला:
कारण जाड्या पोलिसांच्या भूमिका बारीक नटांनी पळवल्या अशी कोणाची तक्रार नाही!

रातकिडा:
हा मुद्दा घेतो. माझी अडचण पुढची आहे. मूळ कादंबरीत नायक अमेरिकन आणि बायको मेक्सिकन. वेल्सने ते उलटं केलं. त्यामुळे मेक्सिकन माणूस सरळ आणि खोटे पुरावे पेरणारा गोरा पोलीस, अशी मांडणी झाली. १९५८च्या हॉलिवूडला ती चांगलीच झोंबणारी होती. त्याच चित्रपटात हा रंग. शिवाय हेस्टनला वेल्सच्या गळ्यात मारलं, असा समज ‘एड वुड’ या चित्रपटातल्या एका प्रसंगामुळे पसरलाय. खरं तर वेल्सला आधी फक्त नट म्हणून घेतलं होतं. दिग्दर्शनही त्यालाच द्या, हे हेस्टननेच स्टुडिओला सुचवलं. म्हणजे हेस्टन नसता तर हा चित्रपट वेल्सचा झालाच नसता! सध्या वाक्य असं आहे: ‘व्हार्गासची भूमिका हेस्टनला शोभत नाही, तरी वठली आहे.’

पिटातला:
‘शोभत नाही’ने सगळा दोष नटाच्या अंगावर जातो. त्याला घेणारे सुटतात.

शुद्धमती:
मग ‘पात्रनिवड चुकली’?

पिटातला:
चुकायला ते काय नजरचुकीने झालं? तेव्हाची रीतच होती, नाव मोठं की भूमिका त्याची. ‘व्हार्गासची भूमिका मेक्सिकन नटाला न देता हेस्टनला दिली’ एवढं सरळ लिहा. वठली की नाही ते पुढच्या वाक्यात भांडा.

शुद्धमती:
पटलं. मात्र त्या बाईंचं नाव ‘डायट्रिच’ छापू नका, डीट्रिश.