आईच्या गुडघ्यांसाठी चिनी उपचार घ्यावेत का?

पाचोऱ्याची लेक:
माझी आई ६४ वर्षांची असून तिला मधुमेह आहे. उभा जन्म कापूस वेचण्यात आणि निंदणीत गेल्यामुळे तिचे दोन्ही गुडघे झिजले आहेत. जळगावातील एका वेलनेस सेंटरने तिला दहा बैठकांचे पॅकेज सांगितले, त्यात अॅक्युपंक्चर म्हणजे ठराविक बिंदूंवर सुया टोचणे, पाठीवर कपिंग म्हणजे हवा ओढून पेले चिकटवणे आणि घरी घेण्यासाठी तपकिरी भुकटीची एक डबी आहे. डबीवर ‘पारंपरिक चिनी फॉर्म्युला’ एवढेच छापले आहे. भिंतीवरची डॉ. कोटणीसांची तसबीर पाहून आईचा विश्वास बसला आणि तिने अर्धे पैसे भरूनही टाकले. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

फिजिओथेरपिस्ट, धुळे:
ताई, सुई आणि भुकटी यांचा विचार वेगवेगळा करावा. गुडघेदुखीत सुयांनी काहींना थोडा आराम पडतो हे खरे. मात्र ज्या चाचण्यांत निम्म्या रुग्णांना नेमक्या बिंदूंवर आणि उरलेल्यांना भलत्याच जागी किंवा नुसत्या दिखाऊ सुया लावल्या, त्यांत आराम दोन्हीकडे पडला आणि फरक थोडाच निघाला. उपचारांच्या शिफारशी करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०२२ मध्ये झिजेच्या सांधेदुखीसाठी अॅक्युपंक्चर देऊ नये असे म्हटले, जरी आदल्याच वर्षी इतर काही दीर्घकालीन दुखण्यांसाठी त्याला वाव दिला होता. तरीही सुया घ्यायच्याच असतील, तर महाराष्ट्रात २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे. उपचार करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक विचारावा आणि सुईचे पाकीट आपल्यासमोर फोडायला लावावे. मधुमेहात कपिंगचे फोड लवकर भरत नाहीत, म्हणून ते टाळलेले बरे.

भुकटी मात्र घेऊ नये. ब्रुसेल्समध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वजन कमी करण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीऐवजी मिळत्याजुळत्या नावाची दुसरी वनस्पती गेली आणि शंभराहून अधिक स्त्रियांचे मूत्रपिंड निकामी झाले किंवा बिघडले. दोन्हींच्या नावात ‘फांगची’ होते, पण दुसरीत मूत्रपिंडाला घातक असे अॅरिस्टोलोकिक आम्ल होते. आपल्याकडची सापसंद म्हणजे ईश्वरी त्याच गटातली आहे, तेव्हा धोका केवळ चिनी मालात असतो असेही नाही.

निवृत्त शिक्षक, चोपडा:
डॉ. कोटणीस सोलापूरचे शल्यचिकित्सक होते. १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. अॅक्युपंक्चर इकडे आणले ते त्याच पथकातल्या डॉ. बिजॉय कुमार बसूंनी, १९५९ मध्ये कोलकात्यात. कोटणीसांची तसबीर लावून सुया विकणे मला पटत नाही.

कपिंगचे म्हणाल, तर आपल्या आजोबांच्या काळी तुंबडी लावणारे गावोगाव फिरत. गायीच्या शिंगाचे रुंद तोंड दुखऱ्या जागी टेकवून टोकाच्या छिद्रातून हवा ओढायची आणि छिद्र मेणाने बुजवायचे. काचेचा पेला आला, ऑलिंपिकमधल्या जलतरणपटूच्या पाठीवर गोल डाग दिसले आणि त्याचे पॅकेज झाले. तुंबडी कोणाची भरते, हे वेगळे सांगायला नको.

मात्र सगळ्याच चिनी औषधाला हसू नये. चिनी शास्त्रज्ञ तू योयो यांना चौथ्या शतकातल्या को हुंग या चिनी वैद्याच्या ग्रंथात ‘वनस्पती पाण्यात भिजवून पिळावी’ असे वाचायला मिळाले, त्यावरून उकळण्याऐवजी कमी तापमानाला अर्क काढण्याची युक्ती सुचली आणि हिवतापावरचे आर्टेमिसिनिन हाती आले. २०१५ चे नोबेल त्यासाठीच मिळाले. आज आपल्या सातपुड्यातही गंभीर हिवतापावर त्याच कुळातली औषधे देतात. फरक इतकाच की तिथे किती मिलिग्रॅम आहे ते पाकिटावर छापलेले असते.

पाचोऱ्याची लेक:
दोघांचे मनापासून आभार. भुकटीत काय आहे असे विचारताच ‘गुप्त कृती’ असे उत्तर आले, नोंदणी क्रमांक मिळालाच नाही. भरलेल्या पैशांबद्दल अजून टोलवाटोलवी चालू आहे. आईला जमिनीवर बसता येत नाही. गुडघ्यांसाठी मांडीचे व्यायाम खाटेवर कसे करून घ्यावेत?

फिजिओथेरपिस्ट, धुळे:
पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी. गुडघ्याने ती खाली दाबायची, पाच अंक मोजायचे, मग सैल सोडायचे. एका पायाने दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. दम रोखू देऊ नका, अंक मोठ्याने मोजायला लावा.