मदत हवी आहे: जुळ्या घराचा जिना सामाईक भिंतीला लावू का?

नमस्कार मंडळी, आमचं नवीन घर बांधायचंय, सेमी डिटॅच्ड, म्हणजे एक भिंत शेजाऱ्यांबरोबर सामाईक आणि तीनच बाजूंना खिडक्या मिळणार. रुंदी फक्त २० फूट, खाली-वर दोन मजले, माणसं पाच. आर्किटेक्टनी जिना सामाईक भिंतीला लावलाय, कारण तिथे नाहीतरी खिडकी नाही, मग उजेडाच्या बाजू खोल्यांना मिळतात. पटतं मला ते, पण पायऱ्यांवरची धपधप भिंतीतून पलीकडे जाईल ना? उलट जिना मधे घेतला तर हॉलचे दोन तुकडे होतात. मजल्याची उंची १० फूट आहे, ७ इंचाची पायरी धरली तरी १७ चढाव येतात, जागा बरीच खातो हो जिना!

दुसरं म्हणजे सासूबाईंचे गुडघे फार दुखतात, त्यांना खालीच बेडरूम आणि लागून बाथरूम हवंच, त्यात मला तडजोड करायची नाहीये. वरचं बाथरूम बरोबर त्याच्यावर घेतलंय म्हणजे पाइप सरळ खाली येतील. पण यात किचन अगदीच आत ढकललं जातंय, अंधारं होईल अशी भीती वाटते.

अशा घरात राहणाऱ्यांनी प्लीज सांगा, जिना कुठे घेतलात आणि आवाजाचं काय केलंत?